गप्पीबाईंचं बाळंतपण

गप्पी माशाच्या मादीला पोरं होण्याची हौस दांडगी, माया मात्र औषधालाही नाही. साधारण चार आठवड्यांत पोटातून थेट जिवंत पिल्लं बाहेर येतात, वीस-पंचवीस तर सहज. आणि त्यातलं एखादं समोरून पोहत गेलं की ही माउली त्याला गट्ट करते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोणी पोचवत नाही, तेव्हा ती आपली सोय आपणच बघते, असं मी समजून घेतलंय. नराला वेगळं काढूनही फरक पडत नाही. एकदाच्या भेटीवर बाई पुढे कित्येक महिने बाळंत होत राहते.

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे वाक्य भिंतींवर वाचतच आम्ही मोठे झालो. आरोग्य खातं या माशांना डबक्यात सोडून विसरून जातं, आणि ते डासांच्या अळ्या खाऊन फोफावतात. त्याच माशाला काचेच्या पेटीत आणलं की सुईण लागते. आमच्या घरी ती मी.

मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं, शेपटीकडचा काळा डाग गडद झाला, की दिवस भरले. बाजारात जाळीची छोटी पेटी मिळते. पिल्लं फटीतून खाली निसटतात, आई वर अडकते. पण त्या कोंडवाड्यात मादी बिथरते. त्यापेक्षा दाट वनस्पती बरी, पिल्लांना दडता येतं. भंडारा तलावांचा जिल्हा, त्यामुळे हायड्रिला फुकट. फक्त तिच्यासोबत चतुराची अळीही फुकट येते आणि पिल्लांच्या बाबतीत ती आईलाही लाजवते. म्हणून प्रत्येक काडी धुऊन, निरखून घ्यायची.

खाणं म्हणजे उकडलेल्या अंड्याचा बलक, कापडातून गाळून, चिमूटभर. आई ते बघून म्हणाली, ‘‘तू लहान होतास तवा तुले बी येवढं चारलं नाई, बाप्पा!’’ बलक उरला की पाणी नासतं, म्हणून रोज थोडं बदलावं लागतं. मी आळस केला की आई खिडकीतून किल्ल्याकडे बोट दाखवते. भोसल्यांनी आंबागडच्या किल्ल्याचा तुरुंग केला होता आणि कैद्यांना आतल्या विहिरीचं कुजकं पाणी पाजत, असं सांगतात. पुढचं तिला बोलावं लागत नाही.

एवढं केल्यावर पिल्लं जगतात, हीच खरी पंचाईत. तलावात सोडणं मला पटत नाही. तिथल्या देशी माशांनी माझं काय वाकडं केलंय? शेजारच्या काकांकडे बरणी घेऊन गेलो तर ते दारातूनच म्हणाले, ‘‘मागं देल्ले तेच वाढून रायले ना गा!’’ आता पावसाळा तोंडावर आहे. आरोग्य सेवकाला गाठून बरणी त्याच्या हातात द्यायची, आणि त्याने नाव-पत्ता विचारायच्या आत सटकायचं.