दीड हजार वॅटचा संयम

‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ या हौशी रेडिओ स्पर्धेत शक्तीची कमाल मर्यादा १५०० वॅट. ती पाळण्यासाठी दुप्पट क्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर विकत घेणाऱ्यांचा संयम वाखाणण्याजोगा आहे. उपवासाची खरी कसोटी भरल्या मुदपाकखान्यातच लागते. यंत्रावर ताण नको, हा त्यांचा खुलासाही तर्कशुद्ध. त्याच न्यायाने १०० वॅटच्या गटातल्यांनीही दीड हजारी यंत्र बाळगावं, तेही निवांत राहील. शंकेखोर विचारतील, बटण चुकून फिरलं तर? फिरून मिळणार काय! शक्ती दुप्पट केली तरी वाढ तीन डेसिबलचीच, सिग्नल मीटरवर जेमतेम अर्धा अंक. एवढ्याशा लाभासाठी नियम कोण मोडेल? त्यासाठी एवढे पैसे मोजलेला माणूस तर मुळीच नाही. शिवाय पडताळणी चोख आहे: समोरचा स्पर्धक प्रत्येक सिग्नल कान देऊन ऐकतो आणि पाच वॅटवाल्यासकट सगळ्यांना रिवाजाप्रमाणे उत्तम सिग्नलचा एकच शेरा देतो, ‘५९’.