स्कार्लेट गाऊ लागली

मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीत अमेरिकेतलं यादवी युद्ध आहे, जळतं अटलांटा आहे, नायिका स्कार्लेटची तीन लग्नं आहेत. हजारावर पानांत बाईंकडून एकच गोष्ट राहून गेली : गाणी. ही उणीव २००८ साली लंडनमध्ये एका संगीतिकेने भरून काढली. दिग्दर्शक ट्रेव्हर नन, म्हणजे ‘कॅट्स’वाले. सुरुवातीचे प्रयोग चार तासांच्या घरात गेले. (आपली संगीत नाटकं रात्र रात्र चालत, हे खरं, पण लंडनकराला शेवटची गाडी गाठायची असते.) मग कात्री चालली. एप्रिलमध्ये उघडलेला पडदा जूनमध्ये कायमचा पडला. प्रयोग ७९.

बरं, हा पहिलाच घाव नव्हता. १९७२ साली लंडनच्याच ड्रुरी लेन नाट्यगृहात स्कार्लेट एकदा गाऊन गेली होती, वेगळ्या संगीतकाराच्या चालींवर. तेव्हा शुभारंभाच्या रात्री मंचावर आणलेल्या खऱ्याखुऱ्या घोड्याने तिथेच लीद टाकली आणि समीक्षकांच्या आधी आपलं परीक्षण सादर केलं. मुद्देसूद होतं.

लंडनमध्ये तिसऱ्यांदा कुणी हा घाट घातलाच, तर निर्मात्यांना एवढीच विनंती : घोडा लाकडी घ्या.