मुकुटबनच्या काळ्या मातीतील लसूण : लागवडीचा काळ, विधी आणि स्वयंपाकघर या उपद्रवाचे निवारण

लसणाची घरगुती लागवड हा विषय वरकरणी कृषिशास्त्राचा वाटत असला, तरी त्याचा निम्म्याहून अधिक भाग गृहव्यवस्थेत मोडतो. कारण लसणाला बी धरत नाही, जी पाकळी फोडणीत पडते तीच जमिनीत लावावी लागते, आणि त्यामुळे बियाणे व भाजी यांत केवळ तापलेल्या कढईएवढे अंतर उरते. बियाविना वनस्पतीच्या एखाद्या भागापासूनच नवे रोप वाढवण्याच्या या रीतीस शाकीय अभिवृद्धी म्हणतात. लसणाचे संस्कृत नाव 'रसोन' असून, सहा रसांपैकी एक आम्ल रस त्यात ऊन, म्हणजे उणा, असतो अशी त्याची फोड परंपरेने केली आहे. घरी वाफा घालणाऱ्यास मात्र सर्वांत आधी उणे पडते ते बियाणे.

काळाविषयी पंचांग आणि हवामान यांचे क्वचितच होणारे एकमत येथे आढळते. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, कांदा-लसूण यथेच्छ खाऊन त्यांना निरोप देणाऱ्या घरांत हे दोन्ही जिन्नस चातुर्मास संपेपर्यंत, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत, वर्ज्य असतात आणि लागवडीचा काळ नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच आहे. बियाणे खाल्ले जाण्याची भीती सर्वांत कमी असते तेव्हाच ते मातीआड करायचे असते. हा योग शास्त्रकारांनी हेतुतः साधला असे म्हणण्यास आधार नाही, परंतु तसे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण असे की, मुळे आणि पात थंडीत वाढतात, पुढे दिवस मोठा होऊ लागला व ऊन तापू लागले की गड्डा भरतो. लावण डिसेंबरअखेर ढकलल्यास पातीला वाढण्यास अवधी उरत नाही आणि गड्डा खुरटतो. याच दिवसांत मुकुटबन ज्यात येते त्या झरी जामणी तालुक्यात कापसाची वेचणी सुरू असल्याने गावातील प्रत्येक रिकामा हात वावरात गुंतलेला असतो, सबब हे काम घरधन्यास स्वतःच करणे भाग पडते.

मुकुटबनची जमीन काळी, कापसाला मानवणारी, पाणी धरून ठेवणारी आणि वाळली की भेगाळणारी आहे. लसणास नेमके याच्या उलट हवे असते. घट्ट मातीत गड्डा वेडावाकडा होतो व पाणी साचल्यास कुजतो, म्हणून वाफा वीतभर उंच करून त्यात कुजलेले शेणखत व थोडी रेती मिसळावी. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी रिकामे पोते वापरावे, आणि सिमेंटचा कारखाना असलेल्या गावी पोत्यांची वाण पडू नये. मात्र सिमेंट तीव्र अल्कधर्मी, म्हणजे चुन्याच्या जातीचे, असल्याने पोते उलटे करून धुतल्याखेरीज आणि तळाला पाणी निचरण्यासाठी भोके पाडल्याखेरीज त्यात माती भरू नये, अन्यथा लसणाऐवजी पायाभरणी होईल.

गड्डा लावणीच्या दिवशीच फोडावा, पाकळ्या सोलू नयेत, आणि बाहेरच्या भरदार पाकळ्या निवडून आतल्या किडमिड्या स्वयंपाकघरास तहाची रक्कम म्हणून द्याव्यात. पाकळीचे टोक वर व मुळे फुटणारी चपटी बाजू खाली ठेवून ती बोटाच्या पेराइतकी, म्हणजे २ ते ३ सेंटिमीटर, खोल खोचावी. दोन पाकळ्यांत ७.५ सेंटिमीटर अंतर शास्त्रसंमत असून ते साधारण चार बोटे भरते, आणि ओळींत १५ सेंटिमीटर सोडल्यास मीटरभर लांब-रुंद वाफ्यात ऐंशी-नव्वद पाकळ्या बसतात. लावल्यावर हलके पाणी द्यावे, तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे लागवडीनंतरचे दुसरे पाणी, आणि पुढे माती पाहून आठ-दहा दिवसांनी.

पातीतील रस शोषणारे फुलकिडे आणि पातीवर जांभळट डाग पाडणारा करपा हे पुस्तकांत सांगितलेले शत्रू होत. पुस्तकांतून वगळलेला शत्रू स्वयंपाकघरातून येतो. पात वीतभर झाली की सांबार, म्हणजे कोथिंबीर, खुडण्यासाठी अंगणात गेलेला हात वाटेत वाफ्याकडे वळतो, कारण भाजलेल्या वांग्याच्या भरितात ओल्या लसणाची पात पडली नाही तर जेवणाऱ्यांची तक्रार येते. गड्डा पातीने तयार केलेल्या अन्नावर पोसला जातो, म्हणून तोडलेली प्रत्येक पात गड्ड्याच्या हिश्शातून वजा होते. कुंपण, ताकीद व मौनव्रत हे तिन्ही उपाय निष्फळ ठरत असल्याने सापळा पिकाचा अवलंब करावा. मुख्य पीक वाचावे म्हणून उपद्रवी जीवास अधिक प्रिय असे दुसरे पीक बांधावर लावतात, त्यास सापळा पीक म्हणतात. येथे ते लसणाचेच असते : तहातून उरलेल्या किडमिड्या पाकळ्या एका घमेल्यात दाटीवाटीने लावून ते घमेले स्वयंपाकघराच्या दारातच ठेवावे, आणि मुख्य वाफा न्हाणीच्या मागे, जेथे वाटेत काही उचलण्यासारखे नाही अशा जागी, घालावा.

साधारण चार ते साडेचार महिन्यांनी पात पिवळी पडून लवू लागते. त्याआधी पंधरवडाभर पाणी तोडावे, गड्डे पातीसकट उपटावेत, सावलीत सुकवावेत आणि पातीची वेणी घालून हवेशीर जागी टांगावेत. पुढील वर्षाच्या बियाण्यासाठी पाच-सहा टपोरे गड्डे वेगळ्या वेणीत बांधून ती आढ्याला इतक्या उंचीवर लटकवावी की स्टुलावाचून हात पोचू नये, आणि स्टूल ऑक्टोबरपर्यंत शेजारी ठेवण्यास द्यावे.