भाषेच्छुक

नाशिकमध्ये महापालिकेची निवडणूक जवळ आली की चौकाचौकात 'इच्छुक' उगवतात. फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो, खाली प्रभागाचा नंबर, आणि पक्ष कोणता ते अजून ठरायचं असतं. भाषेच्छुक हा याच कुळातला. फरक एवढाच, की त्याला तिकीट कुणी नाकारलेलं नाही. जर्मन, जपानी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश सगळ्यांची दारं सताड उघडी आहेत. अर्ज भरायचा तेवढा बाकी आहे, आणि तो बरीच वर्षं बाकी आहे.

वय पन्नाशीच्या पुढे, सत्तरीच्या अलीकडे. बहुधा सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून निवृत्त, मुलं परदेशात नाहीतर हिंजवडीत, घर गंगापूर रोडच्या आसपास, गुडघे अजून शाबूत. एखादी परदेशी भाषा शिकायचीच, हे त्याचं पक्कं झालेलं असतं. कोणती ते एकदा ठरलं की लगेच सुरुवात.

यातल्या एका अस्सल नमुन्याला मित्रमंडळी नाना म्हणतात. आपणही म्हणू.

नानांकडे दोनशे पानी फुलस्केप रजिस्टर आहे. त्याला खाकी कव्हर आहे आणि कव्हरवर लेबलही आहे. आतल्या तक्त्यात वर ओळीनं भाषांची नावं, डाव्या बाजूला निकष: लिपी, व्याकरण, उच्चार, क्लासची फी, प्रवास, वाङ्मय आणि नोकरीची संधी. नाना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी नोकरीच्या संधीला दहापैकी गुण आहेतच. एकदा जर्मन आणि जपानीला सारखेच गुण पडले. मग निकाल लागावा म्हणून 'जेवण' हा रकाना वाढवला. नाना शाकाहारी, त्यामुळे दोन्ही भाषांची दांडी गुल झाली आणि काही कारण नसताना इटालियन पुढे आली. नानांनी रकाना खोडला.

दुसऱ्या गावातल्या भाषेच्छुकाला निदान कारण तरी शोधावं लागतं. नाशिककराची पंचाईत अशी, की इथं प्रत्येक भाषेला एकेक कारण रस्त्यातच उभं आहे. सातपूरला बॉश आहे. जुनी माणसं तिला अजून मायको म्हणतात, आणि चौकाचं नावही मायको सर्कल. तिचं मुख्यालय स्टुटगार्टजवळ. ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याची राजधानी स्टुटगार्ट, त्याच राज्याशी महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. म्हणजे जर्मन. पण ओझरला एचएएलचा कारखाना आहे, तिथं मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंत विमानं तयार झाली, म्हणून रशियन. दिंडोरीकडे गेलं तर द्राक्षाच्या मळ्यांत शांदों ही फ्रेंच कंपनी वाइन करते, म्हणून फ्रेंच. त्यात 2027 चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. रामकुंडावर जगभरचे लोक येणार, त्यांना कुणीतरी सांगायला नको का, असं म्हणत मध्यंतरी नाना स्पॅनिशकडे वळले होते. स्पेनहून कुंभाला नेमके किती लोक येतात, हा प्रश्न कुणीतरी विचारला आणि स्पॅनिश मागे पडली.

प्रत्येक भाषेशी नानांचा थोडाफार संसार झालेला आहे, हे मात्र कबूल करायला हवं. जर्मनचा सर्वांत मोठा. मराठी माणसाला ही भाषा सोपी जाणार, याची त्यांच्याकडे सज्जड प्रमाणं आहेत. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. आकड्यांत आपण 'एकवीस' म्हणताना एक आधी आणि वीस नंतर घेतो, जर्मनही तेच करतो. इंग्रजाची तिथं त्रेधा उडते. इथवर सगळं छान चाललं होतं. मग मुलीकडे स्टुटगार्टला जाणं झालं. विमानात पाठ केलेलं 'गुटेन टाग' नानांनी शेजारच्या आजोबांना ऐकवलं, तर ते 'ग्र्यूस गॉट' म्हणाले. दक्षिण जर्मनीत तसंच म्हणतात. नानांना मात्र तो विश्वासघात वाटला. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आधी नेमकी कुठली जर्मन शिकायची हे ठरवावं लागेल. त्या अभ्यासात एक पावसाळा गेला.

मुलगी स्टुटगार्टला आहे म्हटल्यावर निवड करायची गरजच काय, असं नानांच्या पत्नी म्हणतात. "अहो, नातवंडं जर्मन बोलतात, शिका की!" त्यावर नानांचं उत्तर तयार असतं: तिथं सगळ्यांना इंग्रजी येतं.

फ्रेंचनं त्यांना आकड्यांत गाठलं. सत्त्याण्णव म्हणायला फ्रेंच माणूस चार-वीस-दहा-सात म्हणतो. नानांची आजी विसांच्या हिशेबात मोजायची, त्यामुळे हे त्यांना कळलं, आवडलंही. पण लिहायची इतकी अक्षरं आणि त्यातली निम्मी उच्चारायचीच नाहीत, हे कारखान्यात मटेरियलचा हिशेब ठेवलेल्या माणसाला पटेना. जपानीचा तक्ता अजून फ्रिजवर आहे. हिरागाना 46, काताकाना 46, आणि रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजी 2136. हिरागानाच्या तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबरच्या खुणा आहेत. त्याखाली दूधवाल्याचा हिशेब सुरू होतो.

जपानीत क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं आणि विभक्तीचं काम करणारे शब्दही नामामागून लागतात. म्हणजे आपल्याला बरीच जवळची. पण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी फ्रेंचला 30 आठवडे धरते आणि जपानीला 88 आठवडे, 2200 तास, हे नानांनी कुठंतरी वाचलं आणि धसका घेतला. तो हिशेब इंग्रजी मातृभाषेच्या माणसाचा आहे. सटाण्याच्या माणसाचा अजून कुणी केलेला नाही.

आणि सटाण्याच्या माणसाचा करायलाच हवा. सटाण्याला नानांच्या घरी अहिराणी बोलत. शाळेत गेल्यावर प्रमाण मराठी आली, 'बोल नीट' म्हणत हातावर बसलेल्या छड्यांसकट. अंबडला कामाला लागल्यावर बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांमुळे हिंदी आली, आणि ड्रॉइंग वाचता वाचता इंग्रजी. चार भाषा झाल्या, आणि त्यांतल्या एकीसाठीही रजिस्टर आणावं लागलं नव्हतं. हे कुणी दाखवून दिलं की नाना म्हणतात, त्या शिकलो नाही, त्या आल्या.

रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर या विषयाचं अधिवेशन भरतं. पापड मोडता मोडता कुणीतरी भाषा जमेल का अशी शंका काढतो. मग नाना डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांना साक्षीला बोलावतात. सोलापूरचा माणूस, 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथं जाऊन चिनी शिकला आणि त्या भाषेत काम करू लागला. उदाहरण बिनतोड आहे. फक्त मागच्या रविवारी एक मित्र म्हणाला, "नाना, कोटणीसांसमोर पेशंट होते. तुमच्यासमोर तर्री आहे."

समोरच्या सोसायटीत नर्सिंग झालेली एक मुलगी राहते. जर्मनीत परिचारिकेची मान्यता हवी तर साधारण बी-2 पातळीची जर्मन लागते. त्याआधी ए-1, ए-2 आणि बी-1. कोणती भाषा घ्यावी, याचा तिनं पाच मिनिटंही विचार केलेला नाही. रात्रपाळी करून येते, ऑनलाइन क्लासला बसते, पोळ्या लाटताना देर-दी-दास पुटपुटते. बी-1 पास झाल्याचे पेढे घेऊन ती नानांकडे आली. नानांनी तोंडभरून कौतुक केलं, बसवून घेतलं आणि जपानी का अधिक बरी ठरली असती ते तासभर समजावलं. जपानीच्या जेएलपीटीत तोंडी परीक्षाच नसते, हा त्यांचा हुकमाचा एक्का.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग बी-2 चं विचारलं. नानांनी रजिस्टर उघडलं. गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा चार भागांत: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात 100 पैकी 60 हवेत. भाग सुटे सुटे देता येतात, एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. पुण्यात केंद्र कुठं, फी किती, पुस्तक कोणतं, नमुना प्रश्नपत्रिका कुठं मिळतील, सगळं मिनिटभरात. शिकवणीवाल्यानंही तिला इतकं नीट सांगितलं नव्हतं. तिनं पानाचा फोटो काढून घेतला.

तेव्हा नाशिकमध्ये कुणाला परदेशी भाषा शिकायची असेल, तर नानांना जरूर भेटावं. सकाळी ते जॉगिंग ट्रॅकवर असतात, दुसऱ्या फेरीनंतर बाकावर. परीक्षांच्या तारखा, फी, पातळ्या, पुस्तकं, माहिती चोख मिळेल. फक्त जाताना भाषा घरून ठरवून जावी.