ठिपक्याचा हट्ट

सीवूड्सचे एक बिल्डरसाहेब कमरेला लावायच्या छोट्या पिस्तुलासाठी ‘रेड डॉट’, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच, शोधताहेत. पाम बीच रोडवर संध्याकाळच्या फेरीत चर्चा रंगते ती एकच: ठिपका 3 एमओएचा (ठिपक्याचं कोनातलं माप) घ्यावा की 6 चा? दहा मीटरवर 6 एमओएचा ठिपका जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर जागा झाकतो, म्हणजे कोटाचं बटण. मोठा ठिपका डोळ्याला पटकन सापडतो, छोटा नेमका पडतो. शिवाय काच स्लाइडहून रुंद नको, सफारीत अडकते. अभ्यास चोख!

उरल्या किरकोळ बाबी. 9 एमएम आपल्याकडे निषिद्ध बोअर, त्यामुळे नजर सरकारी कारखान्याच्या .32 च्या ‘अशनी’वर. तिच्या स्लाइडवर ही काच बसवायला खाचच नसते. पाडून घ्यायची तर 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार कारागीरही परवानाधारक हवा. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं बहुधा पोलीस ठाण्यात जमा होतात, ते वेगळंच. आणि हो, साहेबांचा स्वतःचा परवान्याचा अर्ज अजून भरायचा आहे.

तेव्हा साहेब, तूर्त त्या पैशात सोसायटीच्या गेटवरचा बंद कॅमेरा दुरुस्त करून घ्या.