आंबट ढाण खुशाली

बोल्टन, इंग्लंड

ती. स्व. सौ. आत्यास,


तुझा निरोप बाबांनी फोनवर वाचून दाखवला. तिकडच्या गारठ्यात दही लागतं का, आणि पोरांना नासकं-आंबलेलं तर खायला घालत नाहीस ना, असे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दही लागतं, पण कपड्यांच्या कपाटात.

हसू नकोस. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याची टाकी एका कपाटात बसवलेली असते. तिच्या उबेत कपडे सुकवायचे, म्हणून त्याला एअरिंग कपबर्ड म्हणतात. साहेबाने ते टॉवेलांसाठी केलं असेल, पण त्याचा खरा उपयोग आमच्या गल्लीतल्या गुजराती बायकांनी मला पहिल्याच थंडीत सांगितला. आता खालच्या फळीवर चादरी, वरच्या फळीवर इडलीचं पीठ आणि कोपऱ्यात विरजणाचं भांडं. ह्यांचे शर्ट अधूनमधून ढोकळ्याच्या वासाचे होतात, पण ऑफिसात अजून कोणी तक्रार केलेली नाही. पंचाईत दुसरीच आहे. डिसेंबरात इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. तिन्हीसांजेला विरजण द्यायचं नाही हा तुझा नियम पाळायचा, तर शेजारणीला दुपारचं जेवून हात धुतल्याबरोबर वाटी घेऊन धावत यावं लागतं.

आता नासकं. इथलं दूध सज्जनासारखं आंबतच नाही गं. पाश्चरायझेशनमध्ये दूध आंबवणारे जिवाणू बहुतेक मरतात. मग फ्रिजच्या थंडीत वाढणारे भलतेच जीव त्यात ठाण मांडतात आणि प्रथिनं फोडून दूध कडवट करून ठेवतात. त्याचं ना ताक होत, ना पनीर. मोरीत ओतायचं आणि पाणी सोडायचं. आपल्याकडे दूध नासतं, वरण विटतं, पीठ आंबतं, खोबरं खवट होतं. ज्याची त्याची बिघडायची वेगळी तऱ्हा. इथे सगळ्यांना एकच शब्द, 'ऑफ'. दूध ऑफ, मासा ऑफ, अंडं ऑफ. रजेवर असलेला माणूसही ऑफ. थोरल्याने परवा फोनवर सासूबाईंना 'डॅड इज ऑफ टुडे' असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, काल रात्री काय खाल्लं होतं?

आणि हे ऑफ झालंय की नाही ते नाकाने नव्हे, तारखेने ठरतं. पुड्यावर 'यूज बाय' असेल तर त्या तारखेनंतर तोंडात घालायचं नाही. 'बेस्ट बिफोर' असेल तर नुसती चव उतरेल, बाकी भीती नाही. धाकटी शाळेतून हे पाठ करून आली आहे आणि माझा फ्रिज पोलिसासारखा तपासते. पण आत्या, 2022 च्या जानेवारीत मॉरिसन्स या मोठ्या दुकानवाल्यांनी जाहीर केलं, की आमच्या स्वतःच्या छापाच्या बहुतेक दुधावरची 'यूज बाय' तारीख काढून टाकतो, लोकांनी दूध हुंगून ठरवावं. तारीख बघून चांगलं दूध फेकलं जातं म्हणून. ती बातमी मी धाकटीला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर माझ्या नाकाला घरात थोडा मान आहे.

खरं तर नाकाची विद्या इथेही होती. पलीकडच्या आजीबाई नव्वदीला टेकल्यात, त्यांच्याकडे अजून आहे. त्यांचं दूध एकदम ऑफ होत नाही, आधी 'ऑन द टर्न' होतं, म्हणजे वळणावर येतं. वळणावरचं दूध त्या टाकत नाहीत, स्कोनच्या पिठात घालतात. दुधातलं आम्ल आणि खायचा सोडा भेटले की पीठ फुगतं. तुझी आणि त्यांची गाठ पडली, तर भाषेवाचून काही अडणार नाही.

त्यांच्याकडूनच कळलं की इकडे पावाला बार्म का म्हणतात. बार्म म्हणजे बियर आंबताना वर येणारा फेस. यीस्ट पाकिटातून मिळायला लागायच्या आधी याच फेसाने पाव फुगवायचे. आणि ज्याच्या डोक्यात असा फेस झालाय तो बार्मी. निवडणुकीच्या निकालादिवशी टीव्हीसमोर आतोबांचं जे होतं, ते. बोल्टनची खासियत म्हणजे पेस्टी बार्म. बटाट्याचं सारण मैद्याच्या पारीत, आणि ती अख्खी पेस्टी पुन्हा पावात. वडापावाचा हा थोरला भाऊ खाल्ला की संध्याकाळी स्वयंपाक करावा लागत नाही.

व्हिनेगरचीही गंमत आहे. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ आंबट झालेली वाईन. पण इथल्या गरिबाला वाईन कुठली? इथे एल नावाची बियर आंबायची, म्हणून उत्तरेकडचे लोक त्याला एलेगर म्हणत. आजीबाईंच्या आई लाल कोबीचं लोणचं एलेगरमध्ये घालायच्या. आता बऱ्याच चिप्सच्या दुकानांत व्हिनेगर म्हणून जे शिंपडतात, ते आंबवलेलंच नसतं. पाण्यात ॲसेटिक आम्ल आणि कॅरॅमलचा रंग. कायद्याने त्याला व्हिनेगर म्हणता येत नाही, म्हणून नाव 'नॉन-ब्रूड काँडिमेंट'. आंबायलासुद्धा कोणाला सवड नाही बघ. उलट उच्चभ्रू दुकानात सफरचंदाचं व्हिनेगर मिळतं, त्यावर ठळक अक्षरांत 'विथ द मदर'. आईसकट! आंबवणाऱ्या जिवाणूंची जी साय धरते, तिला इथे मदर म्हणतात. ती गाळून काढलेली बाटली स्वस्त, आईसकट महाग. आई घरात असली की भाव वाढतो, हे तुझ्या सुनेच्या कानावर घालून ठेव.

आमच्या घरातही एक आंबलेला लाडोबा आहे. 2020 च्या टाळेबंदीत सगळा देश सावरडो पाव करायला लागला, तेव्हा ह्यांनीही बरणीत मैदा-पाणी कालवलं. त्या आंबवणाला इथले लोक नाव ठेवतात. आमच्याचं नाव बाजीराव. त्याला वेळेवर खायला लागतं. आम्ही गावाला गेलो की तो शेजारी राहायला जातो. नियम असा की प्रत्येक वेळी अर्धा बाजीराव फेकायचा आणि उरलेल्याला नवीन पीठ घालायचं. अन्न फेकायचं म्हटल्यावर माझ्या हाताला कापरं भरलं. टाकाऊ बाजीरावात कांदा-मिरची घालून मी धिरडी करते. ह्यांचा पाव कधी दगड निघतो, धिरडी कधीच बिघडत नाहीत.

मागे सासरे आले होते. पेस्टी बार्मवर भरपूर नॉन-ब्रूड ओतून खाल्लं आणि रात्री छाती धरून बसले. सकाळी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, 'आय हॅव ॲसिडिटी.' बाई पेन खाली ठेवून बघतच राहिल्या. इथे त्याला तसं कोणी म्हणत नाही. मी हातवारे करून जळजळ दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. 'ओह, हार्टबर्न!' सासऱ्यांनी त्यातलं हार्ट तेवढं ऐकलं आणि आम्ही गाडीत बसायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकलं. सांगलीहून चुलतसासरे, पुण्याहून नणंद, सगळ्यांचे फोन. नणंदेने तर विमानाचे दर बघून ठेवले होते. आमसुलाचं सार दोन वाट्या पोटात गेल्यावर सासऱ्यांनीच पुन्हा लिहिलं, 'हृदय उत्तम, पित्त होते.'

त्यात आमसुलं संपली. नणंदेचे दीर पुढच्या महिन्यात येताहेत, त्यांच्याबरोबर पाठव. विरजण रुमालावर वाळवून पाठवायची तुझी युक्ती मात्र राहू दे. भारतातून दुधाचं काही आणू देत नाहीत, आणि ते बिचारे विमानतळावर तुझ्या रुमालाचं काय सांगतील? पुड्यावर नाव नीट लिही. मागच्या खेपेला बाबांनी आमसुलं म्हणून जे पाठवलं, ती चिंच निघाली.

तुझी भाची