संगणकावरील घराच्या डागडुजीविषयी

ज्या काळी घराचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर, टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर यांच्या साह्याने काळ्या शाईत उतरवला जात असे, त्या काळी नकाशातील चूक आणि चूक करणारा मनुष्य एकाच टेबलाशी बसलेले असत. चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडावी, खरवडलेली जागा नखाने घोटून गुळगुळीत करावी आणि तीवरून पुन्हा रेघ ओढावी, एवढ्यात दुरुस्तीचे सारे शास्त्र आटोपत असे. पुढे १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ या विषयावरील प्रबंध सादर करून पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढता येते हे सिद्ध केले, १९८२च्या डिसेंबरात ‘ऑटोकॅड’ अवतीर्ण झाले, आणि कालांतराने आपल्याकडील ड्रॉइंग ऑफिसांत, रेघ मारणारा सदैव निर्दोष व यंत्र सदैव दोषी, असा एक सोयीस्कर शिरस्ता पडून गेला.

प्रस्तुत मार्गदर्शिका त्या शिरस्त्याविरुद्ध आहे. जुना ड्राफ्ट्समन साहेबांनी न सांगितलेलेही समजून घेत असे. यंत्राला मात्र मुलाहिजा म्हणून ठाऊक नसल्याने ते सांगितलेले तेवढेच करते, आणि न सांगितलेले करण्याची जबाबदारी अंगावर घेत नाही. सबब, ज्यास आपण बिघाड म्हणतो तो बहुधा आपण मनात धरलेल्या, पण उच्चारण्याचे राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीचा लेखी पुरावा असतो, हे तत्त्व ध्यानी ठेवून पुढील कलमे वाचावीत.

कलम पहिले : पलंग घरात मावत नसल्यास

शयनगृह आखून झाले, त्यात ठेवण्यासाठी मित्राच्या संग्रहातून पलंगाचा ब्लॉक आणला, आणि येताक्षणीच त्या पलंगाने घर, अंगण, रस्ता व समोरचे मारुतीचे देऊळ व्यापून टाकले, असे झाल्यास संतापू नये. आपले ड्रॉइंग इंचांत आहे, पलंग मिलिमीटरांत आहे, आणि १८०० मिलिमीटर रुंदीचा तो निरुपद्रवी पलंग १८०० इंचांचा, म्हणजे दीडशे फुटांचा झाला आहे, इतकाच या चमत्काराचा अर्थ. याच्या उलट, मिलिमीटरांच्या ड्रॉइंगमध्ये ७८ इंच लांबीचा पलंग आणल्यास तो ७८ मिलिमीटरांचा होऊन कोपऱ्यात पडून राहतो, आणि ‘ब्लॉक येतच नाही’ अशी तक्रार घेऊन संबंधित इसम आपल्यापुढे उभा राहतो. त्यास झूम करून पाहण्याचा हुकूम द्यावा. उपाय असा की, ‘युनिट्स’ हा आदेश देऊन दोन्ही फायलींचे एकक तपासावे आणि आणलेल्या वस्तूस प्रसंगानुसार २५.४ने गुणावे अथवा भागावे.

येथे यंत्राच्या हेकेखोरपणाविषयी बोलण्यापूर्वी आपल्या कारभाराकडेही एकवार पाहावे. जमिनीचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, तिची बोली गुंठ्यात, बांधकामाची मंजुरी चौरस मीटरमध्ये, फ्लॅटचा भाव चौरस फुटाला, वाळू ब्रासमध्ये, सळई मिलिमीटरमध्ये आणि खिडकी ‘चार बाय चार’ एवढ्या निराकार शब्दांत, अशी ज्या समाजाची एकाच घराविषयी बोलण्याची रीत आहे, त्या समाजाकडे यंत्राने प्रारंभीच ‘आपण नेमके कशात मोजता?’ अशी पृच्छा करावी, यात उद्धटपणा कोणता?

कलम दुसरे : खोलीत हॅच भरत नसल्यास

खोली डोळ्यांना चहूबाजूंनी बंद दिसते, तरी फरशीचा हॅच भरू पाहता यंत्र नकार देते आणि कोपऱ्यात लहानशी तांबडी वर्तुळे काढून दाखवते. ही वर्तुळे म्हणजे शोभा नव्हे. तेथे दोन रेघा एकमेकींना भेटलेल्या नाहीत, अशी ती रीतसर फिर्याद आहे. फट अर्ध्या मिलिमीटरची असेल. मिस्त्रीच्या दृष्टीने अर्धा मिलिमीटर हे मापच अस्तित्वात नाही. परंतु यंत्राच्या न्यायासनासमोर उघडी खोली ती उघडीच. कोपरा मोठा करून पाहावा आणि ‘फिलेट’च्या आदेशाने शून्य त्रिज्या देऊन रेघा जुळवाव्यात. ‘गॅप टॉलरन्स’ नावाची एक सवलतही उपलब्ध आहे, आणि यंत्राच्या दप्तरात डोळेझाक करण्याची तीच काय ती अधिकृत तरतूद असल्याने तिचा वापर जपून करावा. कारण आज हॅच भरेल, पण उद्या क्षेत्रफळ मागता तीच फट पुन्हा उभी राहील.

याहून गूढ प्रकार असा की, रेघा जुळलेल्या आहेत, कितीही मोठे करून पाहिले तरी जुळलेल्याच आहेत, आणि तरीही खोली बंद होत नाही. अशा वेळी संशयित रेघ निवडून तिचा ‘प्रॉपर्टीज’चा तक्ता उघडावा आणि झेड या रकान्याचे जाबजबाब घ्यावेत. तेथे एका टोकाशी शून्य आणि दुसऱ्या टोकाशी ३००० असा आकडा आढळल्यास उलगडा झाला म्हणून समजावे : त्या रेघेचे एक टोक जमिनीवर असून दुसरे स्लॅबला टांगलेले आहे, आणि आपण वरून पाहत असल्यामुळे तो सारा तिरपेपणा सरळ दिसत होता. ‘फ्लॅटन’ या आदेशाने तिला जमिनीवर आणावे. वरून पाहणाऱ्यास सर्व काही जुळलेले दिसते, हा अनुभव नकाशाखेरीज अन्य कारभारांतही येत असल्यामुळे तो विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही.

कलम तिसरे : दहा फुटांची खोली सव्वानऊ फूट भरल्यास

‘स्वीट होम थ्रीडी’सारख्या, हौशी गृहस्थ स्वतःच घर आखू शकतील अशा प्रणालींत भिंत तिच्या मध्यरेषेवरून ओढली जाते, आणि गृहस्थाच्या मनातील दहा फूट मात्र एका भिंतीच्या गिलाव्यापासून समोरच्या भिंतीच्या गिलाव्यापर्यंतचे असतात. भिंत नऊ इंची असल्यास दोन्ही बाजूंनी साडेचार साडेचार इंच खोलीतून वजा होतात आणि आत नऊ फूट तीन इंच उरतात. परिणामी दोन फूट खोलीचे कपाट आणि साडेसहा फुटांचा पलंग मांडून मधे जी दीड फुटाची वाट राहावयाची, ती पाऊण फुटाची होते, आणि त्या वाटेने गृहस्वामीस आजन्म आडवे होऊन जाण्याची सवय करून घ्यावी लागते.

उपाय सोपा आहे : आतले माप हवे तर ओढताना भिंतीची एक जाडी त्यात मिळवून दहा फूट नऊ इंच ओढावेत. तथापि उपायापेक्षा बोध मोठा आहे. ‘खोली दहा फुटांची’ हे विधान कोठून कोठपर्यंत, हे सांगितल्याखेरीज पुरे होत नाही. या एका अपुऱ्या विधानावर घरे विकणाऱ्यांचा व्यापार इतका भरभराटीला आला की, शेवटी २०१६च्या रेरा कायद्यास कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती धरावयाच्या नाहीत आणि आतल्या पडभिंती धरावयाच्या, असे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे लागले. कायदेमंडळाने जे कलमबद्ध केले, तेच प्रणाली मध्यरेषेच्या रूपाने विचारीत असते.

कलम चौथे : भिंत हलवताच सोफा चालू लागल्यास

‘स्केचअप’मध्ये भिंतीला टेकवून सोफा काढला आणि पुढे भिंत फूटभर सरकवली, तर सोफा रबरासारखा ताणला जाऊन तिच्यामागून जातो. या प्रणालीत स्पर्श म्हणजे संबंध होय. एकमेकांना टेकलेले सर्व पृष्ठभाग वाटणीपत्र न झालेल्या एकत्र कुटुंबाप्रमाणे राहतात, आणि एकाने पाऊल उचलले की सर्वांची फरफट होते. प्रत्येक वस्तू पूर्ण होताच तिचा ‘ग्रुप’ करावा, हेच येथील वाटणीपत्र. ते भांडणानंतर करण्यापेक्षा आधी केलेले बरे. पडद्यावर एखादी फरशी लखलख करून डोळे दुखवू लागली, तर एकाच जागी दोन पृष्ठभाग एकमेकांवर हक्क सांगत आहेत असे समजून त्यांतील एक काढून टाकावा.

कलम पाचवे : घर नाहीसे झाल्यास

फाईल उघडली आणि पडदा काळाकुट्ट, असे आढळल्यास घाबरू नये व फाईल पाठवणाऱ्यास तत्काळ फोनही करू नये. ‘झूम एक्स्टेंट्स’ हा आदेश द्यावा. त्यावर घर ठिपक्याएवढे होऊन एका कोपऱ्यात दिसले, तर कोणा सहकाऱ्याच्या हातून एखादी बारीक रेघ मैलोगणती दूर पडली आहे असे जाणून ती हुडकून नष्ट करावी. घर मुळीच न दिसल्यास लेयरांची रुजुवात घ्यावी. बंद केलेला लेयर आणि गोठवलेला लेयर यांत भेद आहे, कारण बंद लेयरवरील वस्तू दिसत नसल्या तरी ‘सर्व निवडा’ म्हणताच निवडल्या जातात आणि मागाहून पुसल्याही जातात. याउलट, पडद्यावर दिसणारी भिंत कागदावर उमटत नसेल, तर ती बहुधा ‘डेफपॉइंट्स’ या लेयरवर वास करीत आहे. माप टाकताच हा लेयर आपोआप जन्मतो आणि छापला कधीच जात नाही.

मोजणीच्या नकाशावर घर आखणाऱ्यांसाठी विशेष सूचना : असा नकाशा पृथ्वीच्या निर्देशांकांवर असल्यास पुण्यातील प्लॉट विषुववृत्तापासून सुमारे वीस लाख मीटर उत्तरेस मांडलेला असतो, आणि मिलिमीटरांत काम करणाऱ्यास हाच आकडा दोनशे कोटींवर जातो. इतक्या दूर बसून जिन्याची पायरी आखू गेल्यास रेघा थरथरतात आणि हॅच फिसकटतो. घर शून्य बिंदूपाशी आणून आखावे; पृथ्वीशी त्याचा संबंध शेवटी जोडावा.

कलम सहावे : किरकोळ तक्रारी

अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आल्यास त्यांस प्रश्न समजून उत्तरे देत बसू नये. फाँट सोबत आलेला नाही. ‘स्वयंपाकघर’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसल्यास मजकूर युनिकोडपूर्व मराठी फाँटात टंकला आहे. फाईल उघडण्याची खिडकी न येता यंत्र खालच्या ओळीत नाव विचारू लागल्यास ‘फाइलडिया’चे मूल्य १ करावे.

कलम सातवे : फाईल मरण पावल्यास

वीज गेली, अथवा यंत्र हँग झाले, आणि फाईल उघडेना, तर शोक आवरून पुढील क्रमाने तजवीज करावी. प्रथम ‘रिकव्हर’, ते साधल्यास ‘ऑडिट’, आणि मग ‘पर्ज’ करून जुन्या, निरुपयोगी ब्लॉकांचा भार उतरवावा. ते न साधल्यास त्याच फोल्डरातील ‘बॅक’ या अंत्यनामाची नक्कल शोधून तिचे अंत्यनाम बदलावे, म्हणजे आधीच्या वेळी सेव्ह केलेले घर हाती येते. ऑटोकॅड मूळच्या मांडणीप्रमाणे दर दहा मिनिटांनी एक गुप्त नक्कल ठेवते, आणि प्रणाली नीट बंद केली की ती नक्कल स्वतःच नाहीशी होते. अर्थात जो शिस्तीने वागला त्याच्यापाशी ती नसते आणि ज्याच्यावर घाला आला त्याच्यापाशी असते, असा हा न्याय आहे. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरे’ आणि ‘फायनल साहेबांचे’ या चौघांतील अखेरचे कोणते, याचा निवाडा मात्र कोणतीही प्रणाली करीत नाही.

कलम आठवे : नकाशा नामंजूर झाल्यास

मंजुरीच्या नकाशात नवे काम तांबडे आणि पाडावयाचे काम पिवळे, ही जुनी रंगपद्धती आहे. पूर्वी अशा नकाशांची छाननी करणारा अभियंता मनुष्य असे. चष्मा पुसून तो आपले म्हणणे समजून घेई. आता अनेक महानगरपालिकांत पहिली छाननी संगणक करतो आणि त्यास ठरावीक नावाचे लेयर व पूर्णपणे बंद पॉलीलाईन लागतात. आपल्या यंत्राने कलम दुसऱ्यात जी फट दाखवली होती आणि आपण जिच्याकडे डोळेझाक केली होती, तीच तेथे सरकारी भाषेत परत मिळते.

कलम नववे : सर्व दोष दूर झाल्यास

हा प्रसंग सर्वांत नाजूक आहे. नकाशा निर्दोष आहे, १:१०० या प्रमाणात छापला आहे, ‘फिट टू पेपर’ची खूण काढलेली आहे, मिस्त्रीने पट्टी लावून माप पडताळले आहे, आणि तोच मिस्त्री विडीचे थोटूक कानावर ठेवून विचारतो, “साहेब, न्हाणीचा दरवाजा आत उघडणार का बाहेर?” नकाशात पाव वर्तुळ काढलेले असते, परंतु ते ब्लॉकबरोबर आयते आलेले असल्यामुळे त्याविषयी घरात कोणीही विचार केलेला नसतो. यंत्र आणि मिस्त्री यांतील भेद येथे प्रकट होतो : सांगावयाचे राहिले तर यंत्र अडून बसते, आणि मिस्त्री, दुपारपर्यंत उत्तर न मिळाल्यास, आपल्या मताने चौकट बसवून मोकळा होतो. पडद्यावर कंट्रोल-झेड आहे, सिमेंटात नाही. सबब, दरवाजा आत की बाहेर याचा निकाल साईटवर जाण्यापूर्वी लावावा, आणि निकालाच्या वेळी घरातील सर्व सज्ञान व्यक्ती हजर ठेवून त्यांच्या सह्या नकाशाच्या मागील बाजूस घ्याव्यात.